दाढीवाल्याची खोली

आमच्या घरात एक दुर्बीण होती आणि तिच्यातून लांबचं काहीही दिसत नसे. खरं तर ती दुर्बीण नव्हतीच. एक लाकडी दांडा, त्याच्या एका टोकाला डोळ्यांना लावायची दोन भिंगं आणि समोर पुठ्ठ्याचं कार्ड अडकवायला तारेची खाच. कार्डावर एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. आजोबांनी ती दिल्लीत दरियागंजच्या रविवारच्या बाजारातून आणली होती. आजी तेव्हा होती. "घरात आपल्याला पाय पसरायला जागा नाही, आणि हे पाहुणा घेऊन आले," असं ती म्हणाली होती म्हणे.

पाहुणा म्हणजे कार्डावरचा माणूस. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. नाव सांगितलं तर शेंबडं पोरही ओळखेल, पण आमच्याकडे त्याला कुणी नावानं ओळखलं नाही. तो दाढीवाला. बाजारात धबधब्यांची नि पुलांची कार्डं आधीच खपली होती, हा एकटा उरला होता, म्हणून आजोबांनी त्याला उचललं. आजोबांचं सगळ्याच गोष्टींशी असं नातं असे. उरलेल्याची त्यांना दया येई.

दुपारी मी शाळेतून आले की आजोबा मला शेजारी बसवत आणि दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावत. "आधी एक डोळा मीट. कसा दिसतो? चपटा. पोस्टाच्या तिकिटावरचा. आता दोन्ही उघड." दोन्ही डोळे उघडले की क्षणभर सगळं गढूळ होई, आणि मग एकदम दाढीवाला खुर्चीतून पुढे येई. गुडघ्यावरचा हात इतका पुढे की धरावा. नाक पुढे, कान मागे, त्याच्याही मागे जाड पडदा. हे दोन फोटो सारखे दिसत असले तरी सारखे नाहीत, हे मला आजोबांनी सांगितलं. आपल्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्या अंतरावर दोन भिंगं ठेवून ते काढलेले. त्या काळी लोक अशी कार्डं विकत आणून घरी बघत बसायचे. सभेला न जाता पुढारी थेट दिवाणखान्यात! आजोबांना याची फार गंमत वाटे.

त्याच्या खुर्चीमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसायचा. नुसत्या फोटोत तो पडद्याच्या सावलीत हरवलेला, भिंगातून मात्र वेगळा उठून येई. फोटो निघेपर्यंत मान हलू नये म्हणून मागून आधार देत, असं आजोबा सांगत. "एवढा मोठा माणूस, पण त्यालाही मान टेकवायला काहीतरी लागतंच की."

आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न. "दिसली का खोली?"

इथे माझी गफलत झाली. दिल्लीत वाढलेल्या मुलीचं मराठी ते काय असणार! घरात मराठी, जिना उतरलं की हिंदी. विहीर 'गहरी' असते एवढंच मला ठाऊक. खोली म्हणजे कमरा. करोलबागेत आमच्या दोनच तर खोल्या होत्या. एकीत आई, पप्पा आणि मी, दुसरीत टीव्ही, फ्रिज, सोफा आणि फ्रिजच्या मागच्या फटीत आजोबांची खाट. म्हणून आजोबा 'खोली' म्हणत तेव्हा मी त्या कार्डातला कमराच बघत होते. होताच तो तिथे. गालिचा, छोटं टेबल, पडदा, एक खांब. चांगली ऐसपैस खोली होती आणि तिच्यात राहणारा एकटाच. "दिसली," मी म्हणायची. "छान आहे." आजोबा खूश.

त्या सुमाराला देशाचे दरवाजे उघडले, असं मोठी माणसं म्हणत. आमच्यापुरतं बोलायचं तर पप्पांना परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि त्यांनी गुडगावला फ्लॅट घेतला. तेव्हा ते गुडगावच होतं. सरसोंची शेतं, मध्येच एखादी अर्धवट उभी इमारत आणि रस्ता जिथे होणार होता तिथे धूळ. फ्लॅटमध्ये हॉल आणि दोन बेडरूम. एक आई-पप्पांची आणि दुसरी 'बच्ची का रूम'. हा शब्द बिल्डरच्या माणसानं आणला आणि पप्पांना तो फार आवडला. ते स्वतः फ्रिजमागच्या त्याच खाटेवर अभ्यास करून मोठे झाले होते. मुलीला स्वतःची खोली देणं म्हणजे त्यांच्या लेखी आयुष्याचं सोनं होणं. तेव्हा पप्पांना मी तरी दोष देत नाही.

पण मग आजोबा? आजोबांनी पुण्याला काकांकडे जायचं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कोण जाणे. घरात मोठे निर्णय असेच होतात, दुधावर साय धरावी तसे. "पुण्याची हवा चांगली," पप्पा म्हणत. "हो ना, हवा चांगलीच," आजोबा म्हणत. दिल्लीत त्यांची उभी हयात गेली होती. दर रविवारचा बाजार, मंडळातले गणपतीचे दिवस, पार्कातले पत्त्यांचे जोडीदार, सगळं इथेच. पुण्यात काका-काकू दिवसभर कामावर, आणि तिसऱ्या मजल्यावरून एकट्यानं बघायला समोरच्या इमारतीची गच्ची. एकदा फक्त पत्ते पिसता पिसता ते म्हणाले, "म्हातारा माणूस म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा." आई स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं, पण सगळ्यांप्रमाणे तिनंही मिठाची गुळणी धरली होती.

किल्ल्या मिळायच्या आधी एका सकाळी आम्ही चौघं फ्लॅट बघायला गेलो. बिल्डरचा माणूस मोठा बोलघेवडा. हे मॉड्युलर, ते इटालियन. सगळं दाखवून झालं आणि तो आजोबांकडे वळून अगदी अदबीनं म्हणाला, "और अंकलजी, आपका कमरा कौन सा रहेगा?"

पप्पा खिडकीची कडी लागते का ते बघायला लागले. मला वाटलं, एवढं सोपं उत्तर या मोठ्या माणसांना कसं येत नाही? मी म्हणाले, "दादाजी को कमरा नहीं चाहिए. उनका कमरा तो दूरबीन में है. दाढ़ीवाले अंकल के साथ रहेंगे."

तो माणूस खो खो हसला. आजोबाही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मग ते पाणी थांबेना. त्यांनी रुमाल काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. आई माझ्यासमोर खाली बसली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आजोबांनीच. रोज विचारतात ना, खोली दिसली का म्हणून."

"अगं बेटा," आजोबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "ती खोली म्हणजे गहराई. कमरा नव्हे."

बिल्डरचा माणूस हुशार होता. मोबाईल वगैरे तेव्हा नव्हते, तरी त्याला खाली काहीतरी काम आठवलं आणि तो गेला. पप्पा कसनुसं हसून म्हणाले, "बघ, हिचं मराठी. आता ट्यूशनच लावायला पाहिजे, बिल्कुल."

आई उठली. ऑफिसात तिच्या हाताखाली दहाजण होते, पण घरात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तो तेव्हाही चढला नाही. "तिच्या मराठीला हसू नका," ती म्हणाली. "तिला बरोब्बर कळलंय. बाबांना पुठ्ठ्यात राहायला पाठवायचं ठरलंय, हे आपल्यापैकी फक्त तिनं बोलून दाखवलं."

"अगं, पण दोनच बेडरूम. हिची खोली..."

"ही आणि बाबा एका खोलीत राहतील. आणि बाबा आधी, मग ही."

"सूनबाई, राहू दे," आजोबा म्हणाले. "मुलांना जागा लागते. मी काय, कुठेही."

"कुठेही नाही. इथे," आई म्हणाली आणि खोलीच्या दारातून बाजूला झाली. आजोबांनी आत जाऊन बघावं म्हणून.

मी परतीच्या वाटेवर भोकाड पसरलं. माझी स्वतःची खोली गेली होती आणि तीही माझ्याच तोंडामुळे, हे मला नीट कळत होतं. पप्पा गाडी चालवत होते. आरशातून आजोबांकडे बघत ते इतकंच म्हणाले, "पंखा तुमच्या बाजूला लावून घेऊ." आमच्या घरात याहून मोठी माफी कुणी मागितलेली मला आठवत नाही.

पुढची सगळी वर्षं मी त्या खोलीत आजोबांच्या खोकल्यावर झोपले आणि त्यांच्या रेडिओवर उठले. मैत्रिणींच्या भिंतींवर नटांची पोस्टरं, माझ्या भिंतीवर आजोबांचं पंचांग. तेव्हा चिडचिड व्हायची. आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते त्या खोलीमुळे. गढूळ, ऐसपैस, खोळंबा, हयात, हे शब्द मला शाळेनं दिले नाहीत, पलीकडच्या खाटेनं दिले. दाढीवाल्यानं त्याच्या देशासाठी काय केलं ते मी पुढे पुस्तकांत वाचलं. आमच्यासाठी तो मान ताठ धरून हलला नाही, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. त्याचे, त्याला दोन भिंगांतून टिपणाऱ्या अनोळखी फोटोग्राफरचे आणि सर्वांत जास्त माझ्या आईचे माझ्यावर उपकार आहेत. आईला मी हे कधी सांगितलेलं नाही. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानले की ते 'परकं करणं' होतं.

नव्या इमारतीखाली एक लांब बाक होता. संध्याकाळी तिथे सगळे आजी-आजोबा जमत. कुणी लखनौचे, कुणी पानिपतचे, कुणी थेट कोलकात्याचे. मुलांनी फ्लॅट घेतले म्हणून बघायला आलेले. ओळख करून घेताना ते एकमेकांना नाव विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारत, परत कधी जायचं? कुणाचं तिकीट पुढच्या आठवड्याचं, कुणाचं दिवाळीपर्यंतचं, कुणाला मुलानं अजून सांगितलंच नव्हतं.

आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी आजोबा तिथे जाऊन बसले. मी शेजारी घसरगुंडीवर. एका सरदारजी आजोबांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "आप कब तक हैं जी?"

आजोबांना प्रश्न आधी कळलाच नाही. मग कळला. ते म्हणाले, "मैं तो यहीं रहता हूँ."

बाकावरचे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सरदारजींनी कान पुढे केला आणि पुन्हा विचारलं, "मतलब, हमेशा?"

"हमेशा," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पायातल्या चपला काढून पाय वर घेतले.