रोबोटाचे खांदे मळणारे आबा

लोणावळ्याजवळ औंढ्यात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, ते आबा रोबोटांच्या गोष्टींवर अक्षरशः फिदा होते. जन्मभर बैलांमागे चाललेला सत्तरीतला माणूस; पण मी लोणावळ्याच्या वाचनालयातून विज्ञानकथांचं पुस्तक आणलं, की हातातल्या शेंगा तशाच टाकून ओट्यावर हजर! त्यांना दिसायचं कमी, म्हणून वाचायचं मी आणि भांडायचं त्यांनी.

भांडण लेखकांशी. प्रयोगशाळेत रोबोट जागा झाला, की यांचा पहिला प्रश्न, "बारसं कुणी केलं?" रोबोटाने मालकावर हात उचलला, की मांडीवर थाप मारून, "मग! सुट्टी कवा दिलती त्याला?" एका कथेत रोबोट माणूस की वस्तू, यावर पानंच्या पानं खटला चालतो. आबांनी वैतागून मला पुस्तक मिटायलाच लावलं. "लय शिकल्याली माणसं ही! राबतंय कोण, ते दिसतंय की समद्यास्नी. त्यालाच इचारा, बाबा, दमलास का? त्याला कोरट कशाला लागतंय?" हसून हसून माझं पोट दुखायचं.

मी तेव्हा आंबीच्या एका कारखान्यात प्रोबेशनवर होते. वेल्डिंगचा नवा रोबोट माझ्या ताब्यात. खंडेनवमीच्या यंत्रपूजेला तो साहेबांसमोर बिनचूक चालला, तर मी कायम होणार होते. त्या दिवशी घरची माणसं आणायची मुभा असते, म्हणून मी आबांना नेलं. कडक धोतर, फेटा, आणि हातात फडक्यात बांधलेला डबा. मला वाटलं, पेढे असतील.

डब्यात लोणी-हळद होती! पोळ्याच्या आदल्या दिवशी, जुवाखाली घासलेले बैलांचे खांदे जिने मळतात ना, तीच. हार घालायला रोबोटाभोवतीच्या जाळीचं दार उघडं, आम्ही सगळे प्रसादाच्या रांगेत, आणि आबा आत. रोबोटाला सांधे सहा. त्यातला खांदा कुठला ते कळेना, म्हणून म्हाताऱ्याने सहाही मळले, वर तो ज्यातून बघतो त्या कॅमेऱ्याच्या भिंगावरून मायेने लोण्याची बोटं फिरवली. दार लागलं, साहेबांनी नारळ फोडून बटण दाबलं. हात अर्धा उठला, भोंगा बोंबलला, लाल दिवा लागला आणि सगळं ठप्प. बायका तोंडाला पदर लावून खुदखुदत होत्या. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

आबा तडक पुढे गेले. "पोरीचा काय गुन्हा न्हाई, सायेब. म्याच मळलं. दिसभर वाकून राबतंय ते. तुमच्यातल्या एकानं तरी त्याच्या पाठीवरनं हात फिरवलाय का?"

माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. घरी आल्यावर माझा तोल सुटला. "आबा, लोखंड आहे ते! त्याला कसला खांदा नि कसलं दुखणं?"

आबा रागावले नाहीत.  गोंधळून हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुला पटतंय त्यातलं. वाचताना तुजा आवाज भरून यायचा, पोरी."

मी तशीच खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

कायम झाल्याचं पत्र हातात आलं, तोवर आबा गेले होते. पत्र घेऊन मी सवयीने त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. "आबा, चुकलं माझं," एवढंच म्हणायचं राहून गेलं होतं. ते ऐकायला आता तिथे कुणी नव्हतं.