आई परत आल्यास

"अट एकच हाय," असं म्हणून ताई डाव्या हाताची पाचही बोटं उघडायच्या आणि एकेक मिटत जायच्या. रात्री दहानंतर दिवा नको. मोरीत केस नको. पाहुणा दोन दिवसांच्या वर नको. तुळशीत चहाची पत्ती नको. मग उरलेल्या करंगळीकडे पाहत जरा थांबायच्या. "हे बाकीचं तर असंच. अट एकच हाय."

कचहरीबाहेर, म्हणजे कोर्टाबाहेर, छत्र्या लावून टाइप करणाऱ्यांची रांग तुम्ही कुठल्याही जिल्ह्याच्या गावी पाहिली असेल. रायपूरच्या रांगेत त्या एकट्याच बाई होत्या. सगळे त्यांना दीदी म्हणत, आम्ही चार मराठी माणसं ताई म्हणायचो. रांगेत कोणी शपथपत्रात हुशार, कोणी अर्जात. ताई किरायानाम्यात, म्हणजे भाडेकरारात. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, भोपाळहून माणसं फायली आणि खाटा घेऊन आली, आणि शंकर नगरात ज्या जागी लोक गाय बांधायचे तिथेही कोणीतरी साहेब राहू लागला. ताईंच्या मशीनला उसंत नव्हती. दुसऱ्यांच्या किरायानाम्यातली एकही फट त्यांच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या किरायानाम्यात मात्र त्यांनी एक फट मुद्दाम ठेवली होती. ती मी त्यांच्या घरी किरायाने राहिले म्हणूनच मला ठाऊक.

मी आमगावजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, तीही रायपूरला. बाबांना किरायानामा म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि आपल्याला माहीत नाही हे सांगायची मला लाज वाटत होती. ताईंनी कागद मोठ्याने वाचला. शेवटी आलं: "माताजी के वापस आने पर किरायेदार उसी दिन कमरा खाली करेगी."

"कुठून येणार हायेत त्या?" बाबांनी विचारलं.

"तेलीबांध्याहून."

बाबांनी हिशेब केला. तेलीबांधा म्हणजे ऑटोने पाव तास. "मग संध्याकाळपावतर येतीन का?" ते काळजीने म्हणाले. "नाही म्हणजे, आम्ही सामान सोडावं का नाही?"

ताई हसल्या नाहीत. "सोडा सामान," म्हणाल्या. "सांगता येत नाही, पण सोडा."

पुढे मला कळलं ते असं. ताईंच्या आईला विसरण्याचा आजार होता. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग गॅस. ताई कचहरीत आणि आई घरात एकटी. एकदा ती चालत निघाली ती भनपुरीच्या ट्रकांमध्ये सापडली. एका ड्रायव्हरने तिला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि पोलिसांना बोलावलं. त्यानंतर ताईंनी तिला तेलीबांध्याच्या तलावापलीकडच्या एका निवासी केंद्रात ठेवलं. तिथे अशीच बारा-तेरा विसरलेली माणसं राहत. ताईंच्या टायपिंगमधून फीचा अर्धा भाग निघे. उरलेल्या अर्ध्यासाठी आईची खोली किरायाने द्यायची ठरली. म्हणजे आईला तिकडे ठेवायचं, तर आईच्याच खोलीने तिचा खर्च उचलायचा.

"वृद्धाश्रम नको म्हणू," त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. मी म्हटलं नव्हतं. "वृद्धाश्रम फुकटात असते. इथं महिन्याच्या महिन्याले फी लागते. इज्जतीची जागा हाय ते."

पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांना हा फरक समजत नसे. एक जण नळावर म्हणाली, "आईले ठेवून आली म्हणे गं?"

"हव," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडं ठेवाव म्हणलं होतं, पण तुमचं घर तर लहान."

ती बाई महिनाभर बोलली नाही. मग आपल्या भाच्यासाठी खोली आहे का, विचारायला आली.

पुण्याच्या भावाचा फोन रविवारी यायचा. ताई तो घेताना पदर नीट करायच्या. "आईचं सगळं बेस्ट झालं पाहिजे," तो म्हणायचा. "पैशाकडं पाहू नको." ताई म्हणायच्या, "नाही पाहत." पाहायला पाठवलेले पैसेच नसत, तर पाहणार काय? एकदा त्याने सुचवलं की आईला एसीची खोली घ्यावी. ताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "माहा भाऊ लय मोठ्या दिलाचा हाय. लहानपणापासून."

खोली बाजारभावापेक्षा स्वस्त होती, कारण ती अट कोणीच मान्य करत नसे. उद्या सकाळी म्हातारी आली तर मी गादी घेऊन कुठे जाऊ, असं म्हणून लोक कागद परत द्यायचे. नवीन राजधानीची कामं घेणारा एक ठेकेदार तर स्वयंपाकघर सोडून अख्खं घर ऑफिसला मागत होता, माझ्या दुप्पट किरायाने. कागद वाचून त्याने नम्रपणे विचारलं, "दीदी, माताजी कब आ रही हैं?"

"तबीयत पर है," ताई म्हणाल्या.

"दो साल से?"

ताईंनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

मी एकदा भीत भीत म्हणाले होते, "ताई, ती ओळ काढली तर फीचं सोपं होईल ना?" माझंच नुकसान होतं त्यात, पण राहवलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. "ओळ काढली," त्या म्हणाल्या, "तर मंग ते येणार नाही असं मीच लिहून देल्यासारखं होते. आपल्या हातानं टाइप करून. स्टॅम्प पेपरवर."

श्रावणात केंद्रातून निरोप आला. आई आता रात्री उठते, तिच्याजवळ वेगळी आया लागेल, फी वाढेल. ताईंनी दोन दिवस कोणाशी भांडण केलं नाही, यावरून आम्ही ओळखलं की वाढ मोठी आहे. आता दोनच वाटा होत्या. ती ओळ काढून ठेकेदाराला जागा द्यायची, नाहीतर आईला घरी आणायचं.

"महालक्ष्म्यांले आणतो तिले," ताई म्हणाल्या. "तीन दिवस पाहू. आपलं घर, आपल्या महालक्ष्म्या. ओळखलं तिनं, तर ठेवून घेऊ. मशीन घरी आणीन मी."

महालक्ष्म्या आईच्याच खोलीत बसत. मी करारानुसार त्याच दिवशी खोली खाली केली, म्हणजे माझी पेटी जिन्याखाली सरकवली. ताई दोनदा म्हणाल्या, "तुले काढून नाही राहिली मी. समजतं ना?" मी हो म्हटलं. खरं तर मला समजत नव्हतं. आई सुधारावी अशी प्रार्थना मी करत होते आणि ती फळली तर मी कुठे जाईन, हा विचार त्याच प्रार्थनेत मधेमधे येत होता.

आई आली. लहानखुरी, नीटनेटकी. खोलीत शिरताच महालक्ष्म्यांपुढे थांबली. धाकटीच्या निऱ्या पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या, पुढे झाली आणि सगळ्या निऱ्या सोडून पुन्हा घातल्या. एकेक बोट अचूक. ताईंनी दारातून मला दंडाला धरून हलवलं. "पाह्यलं? पाह्यलं ना? सगळं याद हाय तिले!"

दुसऱ्या दिवशी ताईंनी सोळा भाज्या केल्या, पुरण केलं, आंबील केली. आई पोटभर जेवली. "सैपाक चांगला झाला हो, बाई," ती ताईंना म्हणाली. 'बाई' ऐकूनही ताईंनी ते आशीर्वादात जमा केलं. त्या दिवशी दुपारीच त्यांनी कचहरीतून मशीन आणवलं आणि स्वयंपाकघरात कोणत्या कोपऱ्यात ठेवायचं ते मला विचारलं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. त्यांना कोणी राहा म्हणत नाही, अक्षता टाकून निरोपच देतात. मुखवटे डब्यात ठेवून आम्ही बाहेर आलो, तर आई दाराशी खुर्चीवर बसलेली. मांडीवर तिची पिशवी, पायात चपला.

"आता निघतो आम्ही," ती म्हणाली. "तिकडं वाट पाहत असतीन."

"आई, कुठं? हेच तर घर हाय."

आईने समजूतदारपणे मान हलवली. "हव, तुमचं घर हाय. लय चांगलं हाय. तीन दिवस मले काही कमी पडू देल्लं नाही तुम्ही. पण माणसानं आपल्या घरी जावं. तिकडं माह्या पलंगावर कोणी बसन."

ताई खाली बसल्या. आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "इथं करमत नाही का तुले?"

"करमते ना," आई म्हणाली. "म्हणून तर उशीर झाला."

ऑटो मीच आणला.

दोन दिवसांनी ठेकेदार नवीन कागद वाचत होता. शेवटपर्यंत वाचला, पान उलटून पाहिलं. "दीदी, वो माताजी वाली शर्त?"

"टाइपिंग की गलती थी," ताई म्हणाल्या आणि सहीची जागा दाखवली.

माझ्यासाठी त्यांनी दोन गल्ल्या सोडून एका बाईंकडे खोली पाहिली आणि तिचा किरायानामा फुकटात करून दिला. स्वतः स्वयंपाकघरात झोपू लागल्या. फी वेळेवर जाऊ लागली. भाऊ फोनवर म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो, होतं सगळं?"

मी परीक्षेआधी एकदा त्यांच्यासोबत केंद्रात गेले. त्यांची लूना होती, मी मागे बसले. आई व्हरांड्यात होती. आम्हाला पाहून उठली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या. "या, या. उन्हातान्हाच्या आल्या. घर पाहून घ्या आमचं." तिने पलंग दाखवला, खिडकी दाखवली, आयाची ओळख करून दिली. ताई सगळ्याला छान छान म्हणत होत्या, कोणाच्या नव्या घरी गेल्यावर म्हणतात तसं.

"कुठं राहता तुम्ही?" आईने विचारलं.

"शंकर नगरात."

"घरचं हाय का किरायाचं?"

"सध्या किरायाचं," ताई म्हणाल्या.

"होईन, होईन. घरचंही होईन," आईने धीर दिला.

आम्ही निघालो तर ती म्हणाली, "थांबा, अशा जाऊ नका. कुंकू लावते." ताईंचे वडील गेल्यापासून तिने कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, हे ताईंनीच मला सांगितलं होतं. तेही ती विसरली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. करंडा कुठेच नव्हता. मग तिने रिकाम्या तळहातावर बोट टेकवलं आणि ते ताईंच्या कपाळाला लावलं. ताई वाकून उभ्या होत्या, ती बोट काढेपर्यंत.

परतताना तेलीबांध्याच्या रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. लूनाच्या आरशात मला ताईंचा चेहरा दिसत होता. घामाचे ओघळ भुवयांपर्यंत येत होते, डोळ्यांत जात होते. त्या डोळे मिचकावत चालवत राहिल्या. कपाळाला त्यांनी हात लावला नाही.