नेम धरायला गेलो आणि चकतीच दिसेना

मंडळी, आज सकाळी भिंगारला आयुष्यातली पहिली पीसीपी रायफल निवडायला गेलो होतो. ही हवेचीच बंदूक, पण हवा आधीच भरलेली असते, दर छर्‍याला नळी दुमडून हवा दाबावी लागत नाही.

सत्तर-एकाहत्तर साली मी आणि माझा मित्र नामदेव काष्टीच्या माळावर साध्या छर्‍याच्या बंदुकीने तितर टिपायचो. पुढे शिकारीवर बंदी आली, माळावर ऊस आला. आता कागदी चकतीवर तरी नेम धरावा, एवढीच हौस उरली होती.

नामदेव आजही सोबत होता. दुकानदाराने सगळ्यांत अचूक म्हणून दिलेली रायफल मी उजव्या खांद्याला लावली, सवयीने डावा डोळा मिटून तिच्यावरच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि समोरची चकतीच दिसेना.

"दुर्बिणीची काच पुसा हो," मी म्हणालो.

नामदेवने डोळा लावून पाहिलं. "काच लख्ख हाय, गड्या. तितराला मिशा असत्या तर त्याबी दिसल्या असत्या." मग हळूच म्हणाला, "कवापासनं दिसंना तुला?"

मला ठाऊकच नव्हतं. दुपारी डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही.

शाळेतल्या कविता अजून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहेत. त्या डोळ्याने शेवटचं काय पाहिलं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

तुम्ही कधी एकेक डोळा मिटून पाहिलंय?