घरातला बूट

शालिनीताई माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. आधी पाय. तुम्ही कितीही हसून नमस्कार करा, त्यांची नजर तुमच्या घोट्यावर खिळलेली. तिथलं सगळं तपासून झालं की मग ती सावकाश वर यायची, आणि तोवर तुमचं हसू मावळलेलं असायचं.

आमची पहिली भेट रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात झाली, व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर. मला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात बऱ्यापैकी परत आला होता, जीभही वळत होती, पण डावा पाय काही केल्या माझं ऐकत नव्हता. चवडा खाली लोंबायचा, बोटं आत मुडपून बसायची आणि चालताना चप्पल मागे राहून मी पुढे निघालेला असायचो. मंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या खांद्यावर सगळा भार टाकून मी त्या बाकाशी पोचलो, तर पलीकडून आवाज आला, "अहो, पाय आहे तो. पोतं असल्यासारखा ओढताय काय?"

बघतो तर साठी उलटलेली एक किडकिडीत बाई. साडी घोट्याच्या जरा वर खोचलेली, दोन्ही पायांत काळे बूट, आणि उजव्या पोटरीवर पांढऱ्या प्लॅस्टिकचा पट्टा. मी चिडून म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?"

"मला काहीच नाही करायचं. करायचंय ते तुम्हालाच. टाच आधी टेकवा, चवडा मागनं. आणि वहिनी, तुम्ही जरा लांब व्हा हो. तुम्ही धरलंत की त्या शिंच्या पायाला वाटतं, सुटलो एकदाचा."

मंदाला ते इतकं लागलं की ती रिक्षात रडली. मीही घरी येऊन त्या बाईला यथेच्छ शिव्या घातल्या. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीघराकडे जाताना मी स्वतःशीच पुटपुटत होतो, टाच आधी, टाच आधी. त्याचा मला आणखीच राग आला.

ताईंची सगळी नोकरी पोस्टात गेली. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ मधू आणि त्याची बायको अलका यांच्याबरोबर त्या राहत. निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांनाही झटका आला, उजवी बाजू गेली. आमच्यासारख्यांना समजावताना त्या पोस्टाचीच भाषा वापरायच्या. "मेंदूने पत्र टाकलेलं असतं हो. मधला रस्ता वाहून गेलाय म्हणून पायापर्यंत पोचत नाही. आपण रोज टाकत राहायचं. एखादं पोचेल दुसऱ्या वाटेने. आणि नाही पोचलं, तरी टाकायचं थांबायचं नाही." माझं एखादं पत्र पोचलंही. अंगठा जरासा हलला, तेव्हा मी माझं दुकान अर्ध्यावर बंद करून त्यांना सांगायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "बरं. आता बाकीच्या चार बोटांना कोण सांगणार, मी?"

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर आम्ही जमायचो. कोणी बोलावलं होतं असं नाही. दवाखान्याच्या बाकावर ज्याला ज्याला त्या घालून पाडून बोलल्या, त्यातले जे रुसून बसले नाहीत ते यायचे. खुर्चीत बसून टाच जमिनीवर ठेवायची आणि चवडा वर उचलायचा. जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी ओढत आणायचा. चिंचोके बोटांत पकडून वाटीत टाकायचे. खिडकीचे गज धरून दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा. तळव्याखाली लाटणं फिरवायचं. तेवढं लाटणं मात्र अलकावहिनींना सोसलं नाही. पोळीच्या लाटण्याला पाय लावलेला बघून त्यांनी ते हिसकावून घेतलं. तेव्हा ताईंनी बाजारातून पाच-सहा लाटणी आणवली, त्यांना लाल दोरा बांधला आणि ओटीवर टांगून ठेवली. "ही पायाची. तुझी तुला," त्या वहिनींना म्हणाल्या.

त्यांच्या तोंडाने माणसं दुखावायची हे खरं आहे. एक निवृत्त मामलेदार एका गुरुवारी आले ते परत फिरकलेच नाहीत. घरची माणसं पेशंटला भरवतात, उचलतात, हाताला धरून बसवतात, हे दिसलं की ताईंचा तोल जायचा. "कौतुकाने पांगळं करून ठेवतात मेले," असं त्या त्या माणसांच्या तोंडावर म्हणायच्या. त्यांनी हे जरा गोडीत सांगितलं असतं तर चार माणसं अधिक टिकली असती. आम्ही तसं म्हटलंही. त्यांनी आमचे पाय बघितले आणि विषय बदलला.

आमच्यात यमुना होती, बंदरावर मासळी विकणारी. झटक्यानंतर तिच्या पायाला स्पर्श कळायचा बंद झाला होता. एकदा ती आली आणि ताईंनी तिचा तळवा उलटा करून बघितला, तर माशाचा काटा खोल रुतून पू झालेला. "मना कळलाच नाय, ताईनू," ती म्हणाली. त्या दिवसापासून ताईंनी प्रत्येकाला एकेक लहान आरसा घ्यायला लावला. झोपण्यापूर्वी तळवा आरशात बघायचा. पण त्यांनी यमुनेला खरं झापलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. "तुझा पट्टा न् बूट कुठेत?"

"घराकडं हायत. पिशवीत ठेवलेत. नवे हायत ना, खराब व्हतील."

ताईंनी मग एकेकाला विचारलं. माझा बूट कुठे होता? बाहेरच्या चपलांच्या कपाटात. दुसऱ्यांचा पायरीवर. तिसऱ्यांचा खोक्यात, डॉक्टरकडे जाताना घालायला. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाऊल वर धरणारा हा पट्टा चालताना पायात हवा, आणि नुसता पट्टा लादीवर घसरतो म्हणून त्यावर बूट हवा. पण आपल्याकडे पादत्राण उंबरठ्याच्या आत येत नाही. बरा न झालेला माणूस बाहेर जाणार महिन्यातून एकदा, उरलेला महिना तो घरातच चालणार. म्हणजे जिथे पडायचं तिथे तो अनवाणी, आणि जिथे चार माणसं धरायला असतात तिथे बूट घालून! आमच्या सगळ्यांच्या घरी हेच चाललं होतं, आणि सगळ्यांना ते अगदी बरोबर वाटत होतं. मलासुद्धा.

"उद्याच्या उद्या नवा जोड आणा," ताई म्हणाल्या. "तो कधी रस्त्यावर जाणार नाही. घरातला बूट. घरात झाडू असतो ना? पायपुसणं असतं ना? त्यांना विटाळ नाही, न् आमच्या पायाला आहे?"

त्यांनी स्वतः तसा जोड कधीच घेतला होता. झटक्यानंतरच्या पहिल्या गणपतीला त्या तो घालून आरतीला उभ्या राहिल्या तेव्हा अलकावहिनी कळवळून म्हणाल्या, "ताई, देवासमोर बूट?" ताई म्हणाल्या, "देवासमोर पाय घेऊन येतेस ना तू? हा माझा पाय आहे." वहिनी दिवसभर बोलल्या नाहीत. पण पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनीच ओल्या फडक्याने तो बूट लख्ख पुसून ताईंच्या खाटेशी आणून ठेवला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या घरात समजूतदारपणा नव्हता असं कोणी म्हणू नये. तो होता, आणि तरीही जे झालं ते झालं.

तिसऱ्या वर्षी मुंबईहून बापूकाका आले. भाऊबंदांतले सगळ्यांत वडील. ते येईपर्यंत आरती सुरू व्हायची नाही, असा मान. मी ओटीवर खुर्चीत बसलो होतो, तिथून आतलं सगळं दिसत होतं. ताई मखरासमोर निरांजनाचं तबक घ्यायला पुढे झाल्या आणि बापूकाकांनी टाळ खाली ठेवले.

"हे पायात काय?"

"पट्टा. आणि त्यावर बूट," ताई म्हणाल्या.

"मी असताना या घरात हे चालायचं नाही. काढ आधी. नाहीतर मी निघालो."

ताई हलल्या नाहीत. बापूकाकाही नाहीत. कापूर वितळत होता आणि जमलेली माणसं एकमेकांकडे बघत होती. मी बाहेरून ओरडलो, "ताई, काढू नका!" बापूकाका न वळता म्हणाले, "बाहेरच्यांनी बोलू नये." तेवढ्यात मधू पुढे आला आणि त्याने बहिणीसमोर हात जोडले. "ताई, आजचा दिवस. माझ्यासाठी."

या बाईने आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं. पण ती आजारी असताना रात्र-रात्र उशाशी बसलेला, तिचं सगळं केलेला हा भाऊ होता. त्या खुर्चीत बसल्या. पट्ट्याच्या चिकटपट्ट्या ओढल्याचा करकर आवाज मला ओटीवर ऐकू आला. मग त्या अनवाणी उठल्या, तबक घेतलं आणि मखराकडे निघाल्या. दूर्वा धुतलेलं पाणी लादीवर सांडलं होतं. चवडा लोंबला, बोटं मुडपली, आणि तबक आधी पडलं.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ताई अंथरुणाला खिळल्या, मग छातीत कफ साठला. मी भेटायला जायचो तर त्या म्हणायच्या, "चादर वर करा नि टाच बघा हो माझी. लाल झालीय काय? इथे कोणी बघत नाही." टाच लाल झालेलीच असायची. मी परिचारिकांवर ओरडायचो, मधूवर ओरडायचो. त्यांनी एकदा माझं मनगट धरलं. "मधूला काही बोलाल तर खबरदार. तो आधीच अर्धा झालाय. बोलायचंच असेल तर त्या म्हाताऱ्याला बोला, मी येते साथीला." आणि हसल्या. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

मधूला मी काही बोललो नाही. त्यांनी बजावलं होतं म्हणून. नाहीतर माझ्यात तेवढं मोठं मन नाही, आजही नाही. हात जोडणारा माणूस चांगला होता, बूट काढायला लावणारा माणूस पापभीरू होता, ओटीवर जमलेली माणसं सज्जन होती, आणि एका बाईचा पाय सगळ्यांनी मिळून काढून ठेवला. असल्या चांगुलपणाचं काय लोणचं घालायचं?

बाराव्याचे विधी घरीच होते. मधूने आम्हा गुरुवारच्या मंडळींना बोलावलं होतं. यमुना आणि मी बरोबरच गेलो. दारातून बघतो तर ज्या लादीवर त्या पडल्या त्याच लादीवर दानाची मांडामांड केलेली. छत्री, काठी, तांब्या, अंथरूण. आणि मधोमध पाटावर बायकी चपलांचा नवा कोरा जोड. त्यावर गंध, फूल, अक्षता.

"पादत्राणं आणलीत ना? छान," गुरुजी म्हणाले. "पुढची वाट फार कठीण. पाय पोळायला नकोत त्यांचे."

बापूकाकांनी दोन्ही हातांनी तो पाट अलगद पुढे सरकवला.

माझ्या बाजूला यमुना सवयीने खाली वाकून पट्टा सोडायला लागली होती. मी तिचा हात धरला. "राहू दे," मी म्हणालो.

आम्ही दोघं बूट घालूनच आत गेलो. टाच आधी, चवडा मागनं. लादीवर आमच्या पावलांचा आवाज होत होता आणि मंत्र थांबले होते. बापूकाकांनी आमच्या पायांकडे बघितलं, मग पाटावरच्या चपलांकडे बघितलं. मी जाऊन त्यांच्या अगदी समोर उभा राहिलो. काढा म्हणा, मी मनात म्हणत होतो, एकदाच म्हणा.

कोणीही म्हणालं नाही.