उपासाच्या दिवशीची चूळ

तात्यांची माझी पहिली भेट झाली ती ठाण्याच्या नौपाड्यात, त्यांच्या घरच्या ओटीवर. मी कल्याणचा, वैद्यकी शिकायला आलेलो. नमस्कार करून नाव-गाव सांगू लागलो, तर ते म्हणाले, "ते मागाहून. आधी तोंड उघडा." मी उघडले. माझ्या दाढेजवळून त्यांनी नखाने काहीतरी काढले, उजेडात धरले आणि विचारले, "सकाळी दात घासलेत ना? मग हे कालचं पिठलं इथं काय करतंय?" ओटीवरची मंडळी पोट धरून हसली. मी त्याच दिवशी त्यांचा शिष्य झालो. आज तात्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यानिमित्त आम्ही मंडळी जी छोटी पुस्तिका छापवीत आहोत, तिच्यासाठी हे लिहीत आहे.

तरुणपणी तात्या मुंबईस कोटात, म्हणजे फोर्टात, एका गोऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली होते. वेडेवाकडे, पुढे आलेले दात रुप्याच्या तारेने आणि रेशमाच्या दोऱ्याने बांधून हळूहळू ओळीत आणायचे, ही विद्या त्यांनी तिथे मिळवली. तारेखाली अन्न अडकते, म्हणून साहेबाकडे डुकराच्या केसांचा कुंचला असे. तो आपल्याकडे कोण तोंडात घालणार? तात्यांनी बाभळीच्या काडीचे टोक ठेचून मऊ कुंचला केला आणि तो तारेखालून कसा फिरवायचा हे घरोघरी शिकवले. त्यावर कोमट मिठाच्या पाण्याची चूळ. मिश्री बंद म्हणजे बंद. "तार दात ओढील हो, पण हिरडीच कुजली तर ओढायला दात राहील का?" हे त्यांच्याकडून ऐकले नाही असा माणूस ठाण्यात विरळाच.

कोपरच्या मिठागरात राबणारे एक आगरी आजोबा हलता दात घेऊन आले, तो दिवस मला आठवतो. ते अंगणातच उकिडवे बसले. म्हणाले, "मी हतंच बरा हाय, तात्या. तुमाला लोक नावा ठेवतील." तात्या म्हणाले, "तुम्ही अंगणात आणि मी ओटीवर, मग दात बांधू कसा? वर या." त्यांनी आजोबांना शेजारी बसवून तोंडात बोटे घातली. पुढे कित्येक दिवस त्यांना पंक्तीचे बोलावणे आले नाही. त्याची त्यांनी कुणाजवळ कुरकूर केली नाही.

इथवर लिहून थांबलो असतो. पण तात्यांनी मला बजावले आहे, "गौरव लिहायचा तर यमूचंही लिहा. नाहीतर माझं नाव छापू नका."

यमू ही तात्यांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवले. वरचे दात पुढे, म्हणून दोन स्थळे परत गेली होती. तिसऱ्या स्थळाची माणसे दिवाळीनंतर पाहायला येणार होती, आणि तात्यांनी स्वतः तिच्या दातांना तारा बांधल्या. काडी कशी फिरवायची तेही शिकवले. मग श्रावणात कल्याणकडे पटकीची साथ आली आणि तात्या तिकडेच अडकले.

व्रताच्या दिवशी दातांना काडी लावायची नाही, हा आपला जुना नेम. तात्याही एकादशीला काडी हातात धरत नसत. दात सरळ व्हावेत म्हणून आत्याने यमूकडून महिनाभराचे व्रतच करवून घेतले. अख्खा श्रावण पोरीने काडी लावली नाही. नुसते ओठ ओले केले.

तात्या परतले तेव्हा मी बरोबर होतो. हिरड्या सुजून तारांवर आल्या होत्या, पू झाला होता. तात्यांनी तारा सोडल्या, तर समोरचे दोन दात त्यांच्या हातात आले. यमू रडत म्हणाली, "बाबा, उपासाला चूळ चालते हे तुम्ही कुठं सांगितलंत?" तिसरे स्थळ मोडले. पुढे यमूताईंचे लग्न झाले, पण बिजवराशी. तोंडावर पदर धरल्याशिवाय त्या कधी हसल्या नाहीत. मला हे लिहितानाही वाईट वाटते.

काडी वर्ज्य, पण पाणी वर्ज्य नाही. उपासाला चुळा भरून तोंड स्वच्छ करावे, हे तात्यांना पाठ होते. स्वतःपुरते तसे करीतही. घरच्या पोरीला सांगायचे तेवढे राहिले. तेव्हापासून तार बांधण्याआधी ते घरच्या बायकांना विचारतात, "उपास कोणते करता?" मग ओले फडके बोटाला गुंडाळून तारेखालून कसे फिरवायचे ते दाखवतात. त्याशिवाय तारेला हात लावत नाहीत.

यंदा यमूताईंची मुलगी चिमी आजोळी आहे. तिचेही दात पुढे. तारा बांधायला तात्यांचा हात धजेना. यमूताईंनीच हट्ट धरला, तेव्हा त्यांनी बांधल्या. परवा एकादशीला मी गेलो, तर यमूताई बोटाला फडके गुंडाळून लेकीच्या तारा पुसत होत्या. चिमी गुदगुल्या होऊन तोंड भरून हसत होती. तात्या दारात उभे राहून पाहत होते. मला म्हणाले, "यमूही अशीच हसायची."

चिमीच्या तारा सुटायला अजून वर्ष तरी लागेल. त्या सोडायला तात्यांचेच हात हवेत, आणि ते तेव्हाही असेच न थरथरणारे असोत. त्यानंतरही त्यांना पुष्कळ वर्षे निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यातल्या एखाद्या दिवशी यमूताईंच्या हातून पदर सुटलेला त्यांना पाहायला मिळो.