रेघेखालचं नाव

“बोलायला हा उभा राहील, याचं इंग्लिश छान आहे. आणि ही मागं बसून लाकूड फिरवेल. तिला तेच छान जमतं, हो ना आजोबा?”

बाईंनी हसत हसत विचारलं. प्रकल्प दाखवायच्या दिवशी, शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या पालकांसमोर. मी दोर वळायच्या वाखाचं गाठोडं काखेत धरून उभा. माझ्या तोंडून फक्त ‘हो’ यायचं बाकी होतं.

भिंतीवर तक्ता लावला होता. वर तिघांची नावं, रंगीत, मोठ्या अक्षरांत. खाली रेघ. रेघेखाली ‘सहाय्य’ आणि त्याच्याखाली माझ्या नातीचं नाव. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. हळू वाचतो. पण वाचतो.

काम मूळ तिचं. चौथीच्या वर्गात बाईंनीच सांगितलेलं, ज्याला जे मनापासून आवडतं ते सांगा, मग चौघाचौघांनी मिळून त्यावर काम करा. कुणी क्रिकेट म्हणालं, कुणी रोबो. ही म्हणाली, “मला दोर वळायला आवडतं.” वर्ग हसला. घरी येऊन मला सांगितलं, तर मी खेकसलो. “शाळेत हे सांगायची काय गरज होती?”

खरं सांगतो. धायरीत राहून तीस वर्षं झाली, पण आम्ही मांग, दोर वळणारे, हे मी शेजाऱ्याला कळू दिलं नव्हतं. हात मात्र गप्प बसत नाहीत. गच्चीवर दार लावून वळायचो. पोरीनं तिथंच बघून उचललं.

मग तिच्या गटातले तिघं दर शनिवारी आमच्या गच्चीवर यायला लागले. एकाला बापाबरोबर सिंहगड चढायचं वेड. एकीला दिसेल ते मोजायचं. एकाला चित्रांचं. दोर एकट्यानं होत नाही. तिघांनी वाखाचे तीन पेड धरायचे, चौथ्यानं पीळ द्यायला लाकूड फिरवायचं. पहिला दोर हातातच उसवला. गडवाल्यानं पेडाला जो पीळ दिला, तोच दोरालाही दिला होता.

“येड्या, उलटा दे!” नात ओरडली.

“तूच येडी,” म्हणाला, आणि उलटा दिला.

मोजणारीनं पाण्याचे जार टांगून दोर किती तोलतो ते वहीत लिहिलं. चित्रवाल्यानं माझ्या पंजांचं चित्र काढलं, भेगांसकट. हाताला फोड आले तर एकमेकांना मिरवून दाखवायचे. मी बघत राहायचो. ज्याची मला लाज, त्याची ही पोरं फुशारकी मारतात! बोलणार कोण, तेही चौघांनी ठरवलं होतं. माझी नात.

आणि आता बाई विचारत होत्या, “हो ना आजोबा?”

मी लोणी काळभोरच्या शाळेत होतो तेव्हा मला पाढे आवडायचे. एकोणतीसचा पाढा घडाघडा यायचा. पोळ्याच्या आधी एकदा गुरुजींनी मला उभं केलं. वाटलं, पाढा विचारतील. म्हणाले, “बापाला सांग, माझ्या बैलांना नवे कासरे पाहिजेत. तूही बस वळायला. पाटी काय चाटायचीय तुला?” पोरं हसली. मी म्हणालो, “हो गुरुजी.” आठ दिवस वळत बसलो. पुन्हा शाळेत गेलो नाही. गुरुजींवरचा राग विझला असेल एखादवेळी. त्या ‘हो’वरचा विझत नाही.

नातीकडं पाहिलं. तिची मान ‘हो’ म्हणायला अर्धी हलली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“अहो आजोबा, पाहुणे येतायत…”

“येऊ द्या. त्यांनीपण धरावा एक पेड.”

गडवाल्याचा बाप पुढं आला. “काका, आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत ॲडमिशन मिळालीय ना? मग जरा समजून घ्या.”

“कायद्यानं मिळालीय. तुमच्या खिशातनं नाही.”

गाठोडं हॉलच्या मधोमध टाकलं आणि त्यावर बसलो. म्हणालो, “काम पोरांचं आहे. पोरांना विचारा.”

मोजणारी म्हणाली, “मॅम, तीच बोलणार असं आमचं ठरलेलं. तुम्ही चेंज केलं.” गडवाला बापाकडं न बघता बोलला, “मला पाठ झालंय. पण कुणी प्रश्न विचारला तर? मला कुठं काय येतंय?”

पाहुणे आले, आणि नातच बोलली. मराठीत. एक वाक्य तर दोनदा बोलली. पाहुणे मोबाईल बघत होते. टाळ्या पडल्या, पडायच्या तेवढ्या.

तक्ता तसाच राहिला. आता तो शाळेच्या दारात काचेमागं लावलाय. वर्षभर राहणार म्हणे.

शाळेच्या ऑफिसात जाऊन म्हणालो, ती रेघ पुसा. क्लार्क म्हणाला, “लेखी द्या.” चार दिवस बसून लिहिलं. अक्षर वाकडं, पण माझं. लिहिलं, आम्ही मांग. माझ्या नातीनं तिघांना दोर वळायला शिकवलं. तिघांनी तिला मोजायला, चित्र काढायला, गडाची वाट ओळखायला शिकवलं. यात सहाय्य कुणाचं आणि काम कुणाचं, ते मला दाखवा. नाहीतर चार नावं एका ओळीत लिहा.

क्लार्क म्हणाला, “बघू.”

सून म्हणते, “मामंजी, गप्प बसा, पोरीला त्रास देतील.” देतील. ते मलाही कळतं. रात्री पोरीला विचारलं, “थांबू का?” ती म्हणाली, “नको थांबू.”

सोमवारपासून शाळा भरताना मी त्या काचेपुढं उभा राहणार. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला बोट ठेवून ती रेघ दाखवणार, आणि ती कुणी मारली ते सांगणार. हाकललं तर फाटकाबाहेरून सांगेन. रेघ पुसेपर्यंत हलणार नाही.