नावाडीण कशी मेली

चष्म्याच्या दुकानातल्या ताईचा आवाज मूळचाच खणखणीत. ती आणि तिचा थोरला भाऊ, फ्रिज दुरुस्त करणारा दादा, वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी खेळायला जायचे. खेळ असा, की टेबलाभोवती पाच-सहा जण बसायचे, एक जण गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि कुणाचा घाव लागला, कुणाचा हुकला हे फासे ठरवायचे.

फाटलं ते एका दानावरून. गोष्ट ताई सांगत होती. नुकताच नवरा गेलेली एक बाई खेळात होती आणि फाशाच्या हिशेबाने तिचं पात्र मरत होतं. ताईने सगळ्यांना विचारून त्या पात्राला मारण्याऐवजी नुसतं जखमी करून सोडलं. दादा ताडकन उठला. फाशाला लाच चालत नाही, म्हणाला, आणि निम्मी माणसं घेऊन जिना उतरला.

मग जे सुरू झालं, त्याला खेळ कोण म्हणेल? माडीच्या किल्लीवरून हमरीतुमरी झाली. ताईकडचे दादाकडच्यांना 'कारकून' म्हणत, दादाकडचे ताईकडच्यांना 'रडूबाया'. भावाबहिणीचं बोलणं तुटलं. आईने कपाळाला हात लावला. जमिनीवरून भांडणारी भावंडं तिने पाहिली होती, पण फाशांवरून भांडणारी आपल्याच पोटी यावीत!

हा खेळ खेळणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात दादाच्या गटातल्या एकाने सगळ्यांदेखत टोमणा मारला, की ताईच्या लोकांना हरणं पचत नाही. ताई सरळ दादाच्या टेबलाशी गेली आणि खुर्ची ओढून बसली.

"नियम कुणाचे?" दादाने मान वर न करता विचारलं.

"तुझे."

ती नावाडीण झाली. गोष्टीत पूर आला. बाकीचे पलीकडे जाईपर्यंत दोर धरून ठेवायचं तिने पत्करलं. फासा टाकला, एक पडला. याहून वाईट दान नाही. दादाचा हात फाशावर थबकला. आजवर कुणासाठी न थबकलेला तो हात आता का थबकला, हे ताईने बरोबर ओळखलं.

"पडलं ते पडलं, दादा. पुढे सांग."

एरवी 'मेलास, पुढचा' एवढ्यावर मोकळा होणारा दादा त्या दिवशी सांगतच राहिला. तळहात सोलवटले तरी तिने दोर कसा सोडला नाही, शेवटचा माणूस काठाला लागल्यावर पाण्याने तिला कसं नेलं. शेजारच्या टेबलांवरचे लोक उठून मागे येऊन उभे राहिले. ताई ताठ बसून ऐकत होती. इतकं देखणं मरण आपल्या वाट्याला आलं म्हणून तिचा ऊर भरून आला होता.

दादाच्याच गटातला एक जण कुरकुरला, की हे पाल्हाळ नियमात कुठे बसतं?

दादाने फासे गोळा केले. "माझी बहीण आहे ती," तो म्हणाला. "तिच्यासारखं मरून दाखव, मग बोल."

गट काही एक झाले नाहीत. दादाला ताईचे नियम अजूनही पातळ ताकासारखे वाटतात, आणि ती त्याला तोंडावर हट्टी म्हणते. पण म्हणते, हे काय कमी आहे? दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, की चष्म्याच्या काड्या कानामागे बसवता बसवता ती विचारते, "मी पुरात कशी मेले, सांगू?" आणि हो-नाहीची वाट न बघता सांगायला लागते.